पक्कड हातात कधी देणार, ते पहिल्याच दिवशी सांगा

सर, नमस्कार.

भांडुपला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लायसन्स आहे, माझ्यासकट सात माणसं आहेत. चाळीतली जुनी वायरिंग बदलणं, रीडेव्हलपमेंटचे फ्लॅट, दुकानांची फिटिंग, अशी कामं 27 वर्षं करतोय. दोन वर्षांत पाच पोरं हेल्पर म्हणून ठेवली, एकही टिकलं नाही. एक गणपतीला गावी गेला तो परत आलाच नाही. दोघांनी स्कूटर घेतली आणि पार्सलं पोचवायला लागले. एकाने फोन उचलणं बंद केलं. पाचवा चांगला होता. दीड वर्ष राहिला, शिकला आणि आता समोरच्या गल्लीत स्वतःचा बोर्ड लावून बसलाय. माझी दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली.

गेल्या आठवड्यात जवळच्या आयटीआयमध्ये शिकवणारे निदेशक दुकानात आले. इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाची दोन मुलं 150 तासांसाठी पाठवतो म्हणाले, ऑन जॉब ट्रेनिंग म्हणून. त्यातली एक मुलगी आहे. बायको म्हणते घ्या. माझा मोठा मिस्त्री म्हणतो, शेठ, पोरीला घोड्यावर (म्हणजे घडीच्या शिडीवर) चढवणार का? आणि मला वाटतं, परत तेच. शिकवा आणि घालवा. हल्लीच्या पोरांना मेहनत नको, हातात फोन पाहिजे. घेऊ की नको? आणि घेतली तर टिकतील कशी?

– एक कंत्राटदार, भांडुप

नमस्कार दादा,

घ्या. दोघांनाही घ्या. जमलं तर पावसाळ्यात घ्या. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या ओल्या भिंतींमध्ये त्या चार महिन्यांत जे शिकायला मिळतं, ते आयटीआयच्या कोरड्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही. मी तीस वर्षं तिथे शिकवलंय, म्हणून म्हणतो.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाचही पोरं कशी गेली ते त्यात नीट लिहिलंय. ती रोज काय करत होती, याबद्दल एक ओळ नाही. मग मीच अंदाज करतो, चुकलो तर रागावू नका. सकाळी दुकान उघडायचं. वायरची बंडलं आणि घोडा टेम्पोत चढवायचा. साइटवर छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीत झिरी मारायची, मलबा गोणीत भरून खाली उतरवायचा, लिफ्ट नसेल तर पाच मजले. चहा आणायचा. मिस्त्री वर चढला की खालून पक्कड, टेस्टर, टेप हातात द्यायची. संध्याकाळी परत टेम्पो. पहिल्या महिन्यात हेच असतं, आणि तिसऱ्या महिन्यातही हेच असतं. सहाव्या महिन्यात काय असेल, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

स्कूटरवाल्यालाही मेहनत आहे हो. उन्हात, पावसात, सातव्या मजल्यावर जेवण पोचवायचं. त्याला फक्त एक गोष्ट माहीत असते, आज किती फेऱ्या मारल्या तर रात्री खात्यात किती येतील. तुमच्याकडच्या पोराला पुढचं काहीच दिसत नव्हतं. मेहनत नको म्हणून कुणी हे सोडून ते धरत नाही.

माझंच सांगतो. 1979 साली, 16 वर्षांचा असताना, परळला एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. आठ महिने राहिलो. मेन बोर्डाचं काम निघालं की म्हणायचे, टॉर्च धर. मी टॉर्च धरायचो आणि ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. उजेड बोर्डावर, आणि मधे त्यांचा खांदा. आठ महिन्यांत मी त्या माणसाच्या खांद्याशिवाय काही पाहिलं नाही. घरी खोटं सांगून काम सोडलं. तेव्हा हातात फोन नव्हता, तरी सोडलंच.

दुसरे मिळाले ते लालबागच्या एका चाळीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मीटरबोर्डावरची चिनी मातीची किटकॅट फ्यूज ओढून काढली, माझ्या शर्टाच्या खिशात घातली, वर खिशाचं बटण लावलं आणि म्हणाले, "ही तुझ्या खिशात आहे तोवर मी जिवंत आहे. शेजारच्या वहिनी आल्या, घरमालक आला, कुणीही लाईट मागितली तरी द्यायची नाही." मग ते घोड्यावर चढले. मी दोन तास खिशावर हात ठेवून उभा. चहालाही हललो नाही. काम काय केलं त्या दिवशी मी? काहीच नाही. पण घरी गेलो तो इलेक्ट्रिशियन होऊन गेलो.

आता बोर्डात एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच, आहेत, फ्यूज खिशात घालता येत नाही. पण एमसीबीला लावायचं छोटं लॉक मिळतं. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात नाही मिळालं तर कुठे मिळणार? ते लावा, किल्ली त्या मुलाच्या किंवा मुलीच्या खिशात द्या. आणि लॉक असलं तरी वायरीला हात लावण्याआधी टेस्टर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही लावून बघायला सांगा. आधी चालू पॉइंटवर लॅम्प पेटतो का ते बघायचं, मग बंद पॉइंटवर. खराब टेस्टरवर विश्वास ठेवून गेलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

150 तास म्हणजे रोजचे आठ धरले तर 19 दिवससुद्धा पूर्ण होत नाहीत. त्यातले दहा दिवस झिरी मारण्यात गेले तर मुलं परत जाऊन वहीत लिहितील, "कन्सील्ड वायरिंगचा अनुभव घेतला," तुम्ही सही कराल, मी असतो तर मीही शिक्का मारला असता, आणि सगळ्यांचं वाटोळं. झिरी मारायला लावूच नका असं म्हणत नाही. एक दिवस लावा. भिंत किती खोल कापायची, बीम-कॉलमला का हात लावायचा नाही, हे हातोडी हातात असतानाच कळतं. पण पहिल्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, दोघांना समोर बसवून सांगा: अमुक दिवशी तुम्ही स्वतः स्विचबोर्ड भराल, अमुक दिवशी पाइपातून वायर ओढाल, शेवटच्या आठवड्यात एका खोलीचं सर्किट तुमचं, मी फक्त तपासणार. तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून टाका, सगळ्यांना दिसतील अशा. एखादा दिवस पुढे-मागे झाला तर खाडाखोड करा, पण लिहा. पक्कड हातात कधी येणार हे माहीत असलं की पोरगं मलबासुद्धा उचलतं.

माझगाव डॉकमध्ये आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे वेगवेगळे गट पाडून अ‍ॅप्रेंटिस घेतात. परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांतही घेतात. तिथे मुलं रांग लावतात ते पुढेमागे कायम नोकरी लागेल या आशेने, हे मला कळतं. तुम्ही ती आशा देऊ शकत नाही. पण तिथे कुठल्या महिन्यात कुठल्या सेक्शनला जायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि तेवढं तुम्ही एका कॅलेंडरवर करू शकता.

आता तुमच्या मोठ्या मिस्त्रीबद्दल. त्यांना या मुलांचा गुरू करू नका, निदान विचारल्याशिवाय करू नका. हाताला चांगला असलेला माणूस शिकवायला चांगला असतोच असं नाही. वीस वर्षं झाल्यावर हात आपोआप चालतात आणि आपण काय केलं हे त्यालाच सांगता येत नाही. तुमच्या सातांत चार-पाच वर्षांपूर्वी शिकलेला एखादा असेल, ज्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवतं. तो बघा.

आणि एक रोखठोक प्रश्न. तुमचे मिस्त्री पॉइंटवर पैसे घेतात की रोजावर? पॉइंटवर असतील, तर शिकवणं म्हणजे त्यांच्या खिशाला कात्री. एकट्याने दिवसाला जितके पॉइंट होतात, त्यातले काही मुलाला दाखवण्यात जाणार. मग तो म्हणणारच, "बाजूला हो, मी करतो." त्यात त्याचा स्वभाव शोधू नका, हिशेब शोधा. त्या 19 दिवसांसाठी जो शिकवेल त्याला रोजावर घ्या, किंवा बुडालेल्या पॉइंटांचे पैसे भरून द्या. शिकवायचं काम फुकटात कुणी करत नाही. मी तरी कुठे केलं? सरकार पगार देत होतं.

शिकवायचं म्हणजे नेमकं काय, तर तोंडाने बोलत काम करायचं. एक उदाहरण घ्या. जुलै महिना, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पुन्हा पुन्हा ट्रिप होतेय. आयटीआयच्या मुलाला विचारा, तो घडाघडा सांगेल: फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला, 30 मिलिअँपियर गळती झाली की ती उघडते. शंभर टक्के बरोबर, मीच शिकवलंय. पण मग सुरुवात कुठून करायची? इथे तो गप्प होतो. तुमचा मिस्त्री काय करतो? आधी गिझर आणि बाहेरच्या एसीचे प्लग काढतो, कारण पावसाळ्यात पाणी तिथेच शिरतं. एमसीबी एकेक करून पाडतो. एमसीबी पाडूनही ट्रिप थांबली नाही तर न्यूट्रल सुटे करून बघतो, कारण सिंगल पोल एमसीबी पाडली तरी न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि कुठेतरी बाथरूमच्या ओल्या बॉक्समध्ये तो अर्थला टेकलेला असतो. दहा मिनिटांत फॉल्ट सापडतो. मुलगा बघतो ते एवढंच, की काकांनी दोन-चार स्क्रू खोलले आणि झालं. त्याला वाटतं ही जादू आहे, आणि आपल्याला ती येणार नाही.

तेच करताना मिस्त्री मोठ्याने बोलला, "पहिला गिझर का काढला सांग बघू," तर तीच दहा मिनिटं वीस होतात आणि मुलाच्या डोक्यातलं पुस्तक हातात उतरतं. आमच्याकडून येणाऱ्या मुलाला ब्रिटानिया जॉइंट, म्हणजे उघड्या जाड तारा जोडायचा सांधा, सुंदर बांधता येतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो त्याला जन्मात बांधावा लागणार नाही. पण फॉल्स सीलिंगच्या वर, घाम डोळ्यांत जात असताना, कुठली वायर 1.5 चौरस मिलिमीटरची आणि कुठली 2.5 ची हे बोटांनी ओळखणं त्याला आम्ही शिकवू शकत नाही. ते तुमच्याकडेच आहे. रोज संध्याकाळी पाच मिनिटं वही बघा. "आज काय केलं" वाचून सही करू नका, "आज काय चुकलं" ते लिहायला सांगा. चुकलं ते लिहिलं म्हणून ओरडलात तर दुसऱ्या दिवसापासून वही खोटी होईल, तेवढं सांभाळा.

मुलीचं. घोड्यावर चढवणार का? चढवा की. आयटीआयमध्ये दीड वर्ष चढतेच आहे. खरे प्रश्न वेगळे आहेत आणि ते तुमच्या मिस्त्रीने विचारले नाहीत. रीडेव्हलपमेंटच्या साइटवर बाथरूम आहे का, त्याला कडी आहे का? नसेल तर त्या दिवशी तिला राहत्या घरांच्या कामाला पाठवा. संध्याकाळी काम लांबलं तर ती किती वाजता ट्रेन पकडणार? तिच्या घरच्यांना एकदा दुकानात बोलवा, चहा पाजा, कुठे काम चालतं ते दाखवा. "पोरगी काय करणार" असं तुमच्या माणसांपैकी कुणी बोललं तर पहिल्याच वेळी थांबवा, दुसऱ्या वेळेची वाट बघू नका. बाकी मलबा उचलायला लावायचा तर दोघांनाही, आणि बोर्ड भरायला द्यायचा तर दोघांनाही. तिला दुकानात बिलं लिहायला बसवून 150 तास भरवू नका. हे फार होतं, आणि चांगल्या मनाने होतं, म्हणून सांगतो.

शिवाय तुमच्या फायद्याचं बोलू का? दुपारी घरात एकट्या आजी असतात, नाहीतर तान्हं बाळ घेऊन बसलेली सूनबाई असते. दोन अनोळखी पुरुष दारात बघून त्या म्हणतात, "संध्याकाळी या, मुलगा आल्यावर." तुमच्या माणसाबरोबर एक मुलगी असली तर साखळी पटकन निघते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ठाण्यात यावरच धंदा उभा केलाय.

पैशांचं थोडक्यात. या 150 तासांसाठी पगार द्यावा लागेल की नाही, ते निदेशकांशी बोलून कागदावर घ्या. पण सांगतील तेवढंच करून थांबू नका, ट्रेन-रिक्षाचे आणि जेवणाचे पैसे रोज द्या. खरा विचार पुढचा करा. पास झाल्यावर दोघांपैकी एक जण आवडला तर त्याला रीतसर अ‍ॅप्रेंटिस घ्या. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्यांना अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. तुम्ही सात, म्हणजे दार उघडं आहे. 2019 च्या नियमांत आयटीआय पास मुलाला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातले 25 टक्के, पण 1,500 च्या वर नाही, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. या रकमा बदलतात, करार कराल त्या दिवसाचा आकडा सरकारी पोर्टलवर बघा. करार पोर्टलवर नोंदवा, मुलगा 18 च्या आतला असेल तर पालकांची सही घ्या. 1961 च्या कायद्याप्रमाणे अ‍ॅप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, पण कामावर इजा झाली तर भरपाई मालकाच्याच अंगावर येते. तेव्हा रबरी सोलचे बूट आधी. आणि दुकानात अ‍ॅल्युमिनियमचा घोडा असेल तर तो रंगाऱ्याला विकून टाका, फायबरचा आणा.

वर्षभराने परीक्षा देऊन त्याच्या हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र येईल. वायरमनच्या परवान्याचं काय करायचं तेही त्याला आत्ताच समजावा. तुम्ही स्वतः त्या ऑफिसच्या किती फेऱ्या मारल्या होत्या ते सांगा, पोरं हसतील.

राहिलं समोरच्या गल्लीतलं. "शिकवा आणि घालवा" असं लिहिलंत, त्यातला सल मला कळतो. पण माझे पहिले मिस्त्री पाठ करून उभे राहायचे ते याच भीतीने. हातचं राखून शिकवलं की अर्धवट शिकलेला मुलगाच बाहेर पडतो, आणि तो स्वस्तात वाईट काम करून तुमचाच भाव पाडतो. पूर्वी गिरणीत काका पुतण्याला बदली कामगार म्हणून लावायचा, हाताखाली घ्यायचा, पुतण्या तयार झाला की काकाचं काही जात नव्हतं, दोघांना पगार गिरणी देत होती. तुमचं तसं नाही, गल्ली एक आणि गिऱ्हाईकही तेच. म्हणून अ‍ॅप्रेंटिसशी पहिल्या दिवशीच उघड बोला. उद्या स्वतःचं काम सुरू केलंस तर छोटी कामं तुझी, थ्री फेजचं पॅनेल किंवा लायसन्सवाल्याची सही लागेल तेव्हा मला बोलाव. असं न बोलता सोडलेला मुलगा तुम्हाला टाळतो. बोलून गेलेला फोन करतो.

दीड वर्ष तुमच्याकडे टिकलेला तो एकटाच आहे ना? मग त्याला शत्रू कशाला म्हणता, तुमच्याकडे शिकता येतं याचा तो एकमेव साक्षीदार आहे. निदेशकांना होकार कळवण्याआधी त्याच्या दुकानात जा. चहा त्याला पाजू द्या. त्याला विचारा, इतर चौघे गेले तेव्हा तू का थांबलास? आणि माझ्या हाताखाली पहिल्यांदा स्वतः बोर्ड भरलास तो दिवस आठवतो का? तो काय म्हणाला ते मला लिहून कळवा.